लिनक्सवर दुसरा डेस्कटॉप बसवण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पुष्कळ घरांत एकच प्रश्न उभा राहिला. लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे प्रोसेसर त्या यादीबाहेर राहिले. ज्यांना चालू यंत्र भंगारात द्यायचं नव्हतं त्यांनी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू बसवलं, आणि माझ्या मते ते अगदी योग्य केलं.

खरी पंचाईत होते ती त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी. लिनक्स अंगवळणी पडलेलं असतं. मग एखाद्या व्हिडिओत देखणा डेस्कटॉप दिसतो: खाली तरंगणारी पट्टी, काचेसारख्या खिडक्या. खाली एका ओळीची कमांड दिलेली असते. ती चालवली की संगणक पुन्हा सुरू करताना लॉगिनची स्क्रीन वेगळीच येते, मराठी टाइप होत नाही, क्रोममधले साठवलेले पासवर्ड गायब होतात आणि ऑनलाइन क्लासला स्क्रीन शेअर करायला जावं तर काळा चौकोन दिसतो. शेवटी कोणीतरी सल्ला देतं, ‘फॉरमॅट मारा.’ यातल्या बहुतेक अडचणी आधी ओळखता येतात आणि नंतर सुधारताही येतात. त्यासाठी हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या एकाच संगणकावर मुलांचा अभ्यास, आईबाबांचं बँकिंग आणि सोसायटीचा हिशेब चालतो, त्यावर वरून दुसरा डेस्कटॉप चढवू नका. तो डेस्कटॉप आवडलाच असेल तर तो मुळातून घेऊन आलेली आवृत्ती बसवा. केडीई प्रकल्पाचा प्लाझ्मा हवा असेल तर कुबंटू, एक्सएफसीई हवा असेल तर झुबंटू किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, सिनॅमन हवा असेल तर मिंट. त्या आवृत्तीच्या मंडळींनी सगळे सुटे भाग एकमेकांना जुळतात की नाही हे आधीच पाहिलेलं असतं.

पण शिकायची हौस असेल, हाताशी वेगळा लॅपटॉप असेल, तर जरूर करून पाहा. फक्त आपण काय बदलतो आहोत हे समजून घ्या. नुसती थीम बदलणं म्हणजे फ्लॅटला नवा रंग देणं. डेस्कटॉप बदलणं म्हणजे भिंतीतली पाण्याची आणि विजेची लाइन बदलणं. ग्नोम, प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एक्सएफसीई, डीपिन या प्रत्येकाबरोबर खिडक्या सांभाळणारा आपला कार्यक्रम येतो, सेटिंग्ज लागू करणारी पडद्यामागची सेवा येते, पासवर्डची तिजोरी, परवानगी विचारणारी चौकट, वीज वाचवणारा, नेटवर्कचं चिन्ह दाखवणारा असे कितीतरी भाग येतात. दोन डेस्कटॉप एकत्र राहिले की या प्रत्येक कामाला दोन-दोन दावेदार होतात.

सगळ्यात आधी लॉगिनच्या स्क्रीनवरून गोंधळ होतो. ही स्क्रीन डेस्कटॉपची नसते. ती दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर हा वेगळा कार्यक्रम असतो. ग्नोमचा जीडीएम, प्लाझ्माचा एसडीडीएम, मिंटचा लाइटडीएम. डेबियन आणि उबंटूवर दुसरा डेस्कटॉप बसवताना मध्येच एक निळी-करडी चौकट येऊन यांतला कोणता वापरायचा ते विचारते. बहुतेक जण न वाचता एंटर दाबतात. तिथे थांबा. तुमचा मुख्य डेस्कटॉप ग्नोम राहणार असेल तर जीडीएमच ठेवा, कारण ग्नोमची स्क्रीन लॉक करण्याची सोय जीडीएमवरच अवलंबून आहे. तो बदललात तर लॉकचं बटण दाबूनही स्क्रीन उघडीच राहते. प्लाझ्मा जीडीएममधूनही व्यवस्थित सुरू होतो. नाव निवडल्यावर खालच्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, त्यात डेस्कटॉप निवडायचा.

पासवर्ड जाण्याचं कारण तिजोरीत आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह हे ब्राउझर साठवलेल्या पासवर्डांची किल्ली डेस्कटॉपच्या तिजोरीत ठेवतात. ग्नोममध्ये ती ग्नोम कीरिंगमध्ये असते, प्लाझ्मात केवॉलेटमध्ये. डेस्कटॉप बदलला की ब्राउझर दुसऱ्या तिजोरीकडे जातो, तिथे किल्ली नसते, आणि तुम्ही सगळ्या संकेतस्थळांतून बाहेर पडलेले असता. घाबरून ब्राउझर पुसून पुन्हा बसवू नका. बहुतेक वेळा जुन्या डेस्कटॉपमध्ये परतलात की पासवर्ड जागेवर मिळतात. फायरफॉक्स ही किल्ली आपल्या आपणच सांभाळतो, त्यामुळे त्याला हा त्रास होत नाही. दुसरा डेस्कटॉप करून पाहायचा विचार असेल तर महत्त्वाचे पासवर्ड आधीच स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा वहीत उतरवून घ्या.

स्क्रीन शेअर न होण्यामागे ‘पोर्टल’ नावाची सेवा असते. वेलँड या नव्या पद्धतीत कोणताही कार्यक्रम परस्पर पडद्याचं चित्र घेऊ शकत नाही. त्याला पोर्टलकडून परवानगी घ्यावी लागते, आणि प्रत्येक डेस्कटॉपचं पोर्टल वेगळं असतं. प्लाझ्मात बसून ग्नोमच्या पोर्टलकडे विनंती गेली तर मीट किंवा झूमवर समोरच्याला काहीच दिसत नाही. याच गोंधळाचं आणखी एक लक्षण म्हणजे एखादा कार्यक्रम क्लिक केल्यावर वीस-पंचवीस सेकंदांनी उघडणं. लोकांना वाटतं लॅपटॉप म्हातारा झाला, आणि ते रॅम वाढवायला निघतात. आधी पाहा, तुमच्या डेस्कटॉपचं पोर्टल पॅकेज बसलेलं आहे का, आणि न वापरातल्या डेस्कटॉपचं उगाच पडून आहे का.

नेटवर्कची दोन चिन्हं, ब्लूटूथची दोन चिन्हं, अपडेटच्या दोन-दोन सूचना, दोन फाइल मॅनेजर हे सगळं त्रासदायक असलं तरी घातक नाही. सेटिंग्जमधल्या ‘स्टार्टअप’ यादीतून नको ते बंद करता येतं.

मराठी टायपिंग

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि इंग्रजी मार्गदर्शनात त्याचा उल्लेखही नसतो. कारण इंग्रजी टाइप करणाऱ्याला कीबोर्डपलीकडे काही लागत नाही.

लिनक्सवर मराठी दोन वाटांनी टाइप होतं. पहिली वाट साध्या लेआउटची. यात प्रत्येक कळीला एक अक्षर ठरलेलं असतं, आणि ते काम डेस्कटॉपच्या खालच्या थरातच होतं. कीबोर्डच्या यादीत भारत निवडल्यावर ‘मराठी, एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट’ म्हणून जो लेआउट दिसतो तो या प्रकारचा. दुसरी वाट इनपुट मेथडची. तुम्ही रोमन अक्षरांत उच्चार लिहिता आणि मधला कार्यक्रम त्याचं देवनागरी करतो. हा मधला कार्यक्रम म्हणजे आयबस किंवा एफसीआयटीएक्स, आणि त्याच्या पोटात एम१७एन नावाचा संच, ज्यात मराठीसाठी फोनेटिक, आयट्रान्स, इन्स्क्रिप्ट असे पर्याय असतात.

ग्नोमने आयबस स्वतःमध्येच मुरवून घेतला आहे. म्हणून उबंटूवर सेटिंग्जमध्ये ‘मराठी’ जोडलं की बहुतेकांचं काम होतं, मध्ये आयबस आहे हे कळतही नाही. त्याच यंत्रावर प्लाझ्मा बसवला की आयबस आपोआप सुरू होईल याची खात्री नाही. वेलँडवर प्लाझ्मा चालवत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ असा विभाग आहे. त्याच्या नावावरून पडद्यावरचा कीबोर्ड वाटतो, पण आयबस किंवा एफसीआयटीएक्स निवडायची जागा तीच. तिथे आयबसचा वेलँड पर्याय निवडा, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. एक्सएफसीई आणि माटेमध्ये आयबस स्टार्टअपच्या यादीत घालावा लागतो. मिंटवर ‘इनपुट मेथड’ नावाचं वेगळं साधन हे करून देतं.

म्हणून माझा आग्रह असा, की ज्याला डेस्कटॉप बदलत राहायची आवड आहे त्याने इन्स्क्रिप्ट शिकून घ्यावा. तो खालच्या थरात असल्यामुळे ग्नोममधून प्लाझ्मात, तिथून एक्सएफसीईत गेलात तरी फक्त लेआउट यादीत जोडायचा असतो. टंकलेखनाच्या सवयीने रेमिंग्टन वापरणाऱ्यांना आणि फोनेटिक वापरणाऱ्यांना मात्र प्रत्येक डेस्कटॉपवर आयबसची जुळणी नव्याने तपासावी लागते.

तपासणी कशी करायची? नुसतं ‘मराठी’ लिहून थांबू नका. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’, ‘ऑफिस’, ‘कृष्ण’, ‘लक्ष्मी’, ‘शाळा’ हे शब्द लिहा. ‘ऱ्या’मधला अर्धा र नीट जुळतो का, ‘ॲ’ तुटतो का ते पाहा. हेच शब्द लिबरऑफिसमध्ये, ब्राउझरमध्ये आणि एखाद्या फाइलचं नाव बदलताना, अशा तिन्ही ठिकाणी लिहून पाहा. ब्राउझरमध्ये चालतं आणि लिबरऑफिसमध्ये चालत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. लिबरऑफिसला प्रत्येक डेस्कटॉपशी जोडणारं एक छोटं पॅकेज असतं. ते नसलं की लिबरऑफिस जुनाट दिसू लागतं, आणि कधी कधी इनपुट मेथडशी त्याचं बोलणंही तुटतं.

अक्षरांच्या वळणाकडेही बघा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसण्यासाठी भाषेची सेटिंग मराठी असावी लागते आणि त्या फॉन्टला ते वळण ठाऊक असावं लागतं. नोटो सान्स देवनागरीला ते माहीत आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं जोपासलेल्या लोहित फॉन्टमध्येही मराठीची सोय आहे. पण नवा डेस्कटॉप आपली फॉन्टची निवड घेऊन येतो, आणि केडीई तर भाषा-प्रदेशाची सेटिंगही स्वतःच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे ग्नोममध्ये सुरेख दिसणारं मराठी प्लाझ्मात हिंदी वळणाचं दिसू लागतं. फॉन्ट आणि भाषा दोन्ही नव्या डेस्कटॉपमध्ये पुन्हा ठरवा.

बाहेरचं भांडार जोडताना

आतापर्यंत सांगितलेल्या अडचणी स्वतःच्या आवृत्तीच्या भांडारातून, म्हणजे ती जिथून पॅकेजेस उतरवते तिथून, डेस्कटॉप घेतला तरी येतात. बाहेरचं भांडार जोडलं की त्यांची जात बदलते, कारण आता सामायिक लायब्रऱ्यांचे क्रमांक जुळेनासे होतात.

प्लाझ्माचं उदाहरण घ्या. प्लाझ्मा ६ आला २८ फेब्रुवारी २०२४ रोजी. उबंटू २४.०४ आलं त्याच वर्षी एप्रिलमध्ये, पण त्यात प्लाझ्मा ५.२७ च राहिला, कारण एवढा मोठा बदल दीर्घकाळ टिकायच्या आवृत्तीत घाईने घेणं योग्य नव्हतं. नवा प्लाझ्मा क्यूटी ६ या लायब्ररीवर उभा आहे, जुना क्यूटी ५ वर. आता कोणी केडीई निऑनचं भांडार उचलून उबंटूला जोडलं, तर क्यूटी आणि तिच्यावर विसंबलेली पॅकेजेस निम्मी इथली, निम्मी तिथली होतात. निऑन ही स्वतंत्र प्रणाली आहे. तिचं भांडार इतर प्रणालींना जोडण्यासाठी नाही. डेबियनच्या लोकांनी अशा भेसळीला ‘फ्रँकन-डेबियन’ असं नावच दिलं आहे. ताजा प्लाझ्मा हवा असेल तर तो सोबत घेऊन येणारी आवृत्ती घ्या. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये प्लाझ्मा ६.३ तयार मिळतो.

लिनक्स मिंटनेही एकेकाळी केडीई आवृत्ती काढली होती. १८.३ नंतर ती थांबवली. कारण असं की सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई हे तिन्ही जीटीके या एकाच कुळातले आहेत, त्यांच्यात साधनं वाटून घेता येतात. केडीईचं जग वेगळं आहे. यातून आपल्यासाठी एक अंदाज निघतो. मिंट सिनॅमनवर एक्सएफसीई चढवणं कमी जोखमीचं, प्लाझ्मा चढवणं अधिक जोखमीचं.

डीपिनबाबत वेगळाच इशारा आहे. हा चीनमध्ये तयार झालेला, दिसायला फार सुंदर डेस्कटॉप. मे २०२५ मध्ये ओपनसुसे या लिनक्स प्रणालीने तो आपल्या भांडारातून काढून टाकला. ओपनसुसेच्या सुरक्षा गटाने परवानगी न दिलेले काही भाग एका मदतनीस पॅकेजमधून, वापरणाऱ्याची संमती घेऊन मागच्या दाराने बसवले जात होते, असं आढळलं होतं. डीपिन आवडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की जो डेस्कटॉप यंत्राच्या मूळ अधिकारांना हात घालतो, तो कोणाच्या नजरेखालून आपल्यापर्यंत आला हे विचारा. नुसता सुंदर दिसतो म्हणून बँकिंगच्या यंत्रावर अनोळखी भांडार जोडू नका.

उबंटूवरच्या लोकांनी आधाराची मुदतही बघावी. मुख्य उबंटू २४.०४ ला पाच वर्षांचा आधार आहे. कुबंटूसारख्या भावंडांना तीनच वर्षांचा, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत.

करून बघायचंच ठरवलं तर

पहिलं काम पेन ड्राइव्हवर करा. व्हेंटॉय नावाच्या साधनाने एकाच पेन ड्राइव्हवर अनेक आयएसओ फाइल ठेवता येतात. कुबंटू, झुबंटू, मिंट तिन्ही त्यात टाका आणि प्रत्येक थोडा वेळ वापरून पाहा. डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागतं का, लॅपटॉप झाकून उघडल्यावर जागा होतो का, प्रिंटर दिसतो का, मराठी टाइप होतं का, एवढं कळलं की निम्मा निर्णय झाला. जुनं एनव्हिडिया कार्ड असेल तर इथेच सावध व्हा. ४७० आणि त्याआधीच्या ड्रायव्हरवर वेलँड नीट चालत नाही, आणि ग्नोमने तर सप्टेंबर २०२५ मधल्या ४९ व्या आवृत्तीत जुनं एक्स११ सत्र मुळातच बंद ठेवलं. अशा यंत्राला सिनॅमन किंवा एक्सएफसीई बरा.

मग टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची नोंद घेऊन ठेवा. टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागदपत्रं जपत नाही, ती वेगळ्या डिस्कवर उतरवा. त्यानंतर संगणकावर एक नवीन वापरकर्ता तयार करा आणि नवा डेस्कटॉप फक्त त्याच्या नावाने उघडा. सेटिंग्ज प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये राहतात. एकाच नावाने दोन डेस्कटॉप वापरलेत तर प्लाझ्मा जीटीकेच्या सेटिंग्ज बदलून ठेवतो आणि ग्नोममध्ये परतल्यावर कर्सर, फॉन्ट, चिन्हं सगळं विचित्र दिसतं. वेगळ्या नावाने हा गोंधळ जवळजवळ संपतो. एवढी साधी गोष्ट फार कमी लोक करतात.

डेस्कटॉपचं संपूर्ण पॅकेज न घेता छोटं घ्या. डेबियनवर प्लाझ्माची लहान, मध्यम, मोठी अशी तीन पॅकेजेस आहेत. लहानात डेस्कटॉप येतो, सोबतचे पन्नास कार्यक्रम येत नाहीत. आणि बसवताना टर्मिनल जी यादी दाखवतं ती वाचा, विशेषतः कोणती पॅकेजेस काढली जाणार आहेत तो भाग. २०२१ मध्ये कॅनडातले यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस या लिनक्सवर खेळांसाठीचं स्टीम बसवायला घेतलं. पॅकेजमधल्या चुकीमुळे त्यासोबत अख्खा डेस्कटॉप काढला जाणार होता. टर्मिनलने तसा इशाराही दिला, आणि त्यांनी होकाराचं वाक्य टाइप करून टाकलं. डेस्कटॉप गेला. काढायच्या यादीत तुमचा चालू डेस्कटॉप, डिस्प्ले मॅनेजर किंवा नेटवर्क मॅनेजर दिसला तर नकार द्या.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम बॅटरी भरलेली असताना, लॅपटॉप चार्जरला लावून करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर अजिबात नको, कारण मोठा डेस्कटॉप एक जीबीच्याही पुढे जातो. मध्येच वीज गेलीच तर पुन्हा सुरू केल्यावर टर्मिनलमध्ये डीपीकेजीला राहिलेली सगळी पॅकेजेस ‘कॉन्फिगर’ करायला सांगणारी कमांड द्या. अर्धवट राहिलेलं काम तिथून पुढे सरकतं.

काळी स्क्रीन आली तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांची साधी स्क्रीन येईल, तिथे नाव-पासवर्ड देऊन आत जा. डीपीकेजी-रिकॉन्फिगर ही कमांड जुन्या डिस्प्ले मॅनेजरच्या नावासह चालवा, चौकटीत तोच निवडा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. पुष्कळदा एवढ्याने जुना डेस्कटॉप परत येतो. नाही आला तर टाइमशिफ्ट याच स्क्रीनवरूनही चालतं.

नवा डेस्कटॉप काढताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुख्य पॅकेज काढलं म्हणजे त्याच्यासोबत आलेली शेकडो पॅकेजेस निघत नाहीत. ती कोणती होती याची तारीखवार नोंद पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटीच्या ‘हिस्टरी’ फाइलमध्ये असते, तिच्यावरून ती काढा. बाहेरचं पीपीए भांडार जोडलेलं असेल तर ते नुसतं बंद करू नका. पीपीए-पर्ज हे साधन वापरा, म्हणजे त्या भांडारातून आलेल्या लायब्रऱ्या पुन्हा मूळ क्रमांकावर येतात. हे न करता पुढच्या आवृत्तीत अपग्रेड करणं हे उबंटू बिघडण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

टर्मिनलची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. दहा-दहा मिनिटांचे हे धडे डोंबिवली-सीएसएमटी प्रवासातही ऐकता येतील, पण ते यंत्रासमोर बसून, धडा थांबवत, सोबत करत पाहिले तरच हाताला वळण लागतं. त्यातले फाइल आणि परवानग्यांचे धडे आधी घ्या, पॅकेजचे नंतर.